क्रेडिटचा पाचवा अर्थ

“मुखपृष्ठावर माझं नाव येणार की नाही, तेवढं सांगा अण्णा.”

केळुसकर अण्णांनी चष्मा काढला. लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा करून कोश करायचा, या एका नादापायी त्यांनी तीस वर्षं घातली होती. नीलकंठ त्यांच्या हाताखाली चौथ्या वर्षाला. माणूस हुशार, पण ते आधी तोच सांगायचा.

“काय केलंस असं?”

नीलकंठनं टेबलावर शब्दांच्या चिठ्ठ्या मांडल्या.

“एकटा ‘क्रेडिट’ घ्या. बँकेत खात्यावर जमा होतं ते क्रेडिट. दुकानदार विश्वासावर माल देतो, तेही क्रेडिट. कॉलेजात विषय सुटला की चार क्रेडिट. सिनेमा संपल्यावर नावं पळतात, तीही क्रेडिटच. हे चार कुणीही सांगेल. पाचवा मी काढला.”

“वाच.”

“‘पापड आम्ही लाटलं, क्रेडिट अध्यक्षीणबाईनं खाल्लं.’ क्रेडिट खाणे. एकाही कोशात नाही हा.”

अण्णा हसले, अगदी मनापासून. मग चिठ्ठी हातात घेतली आणि हसू गेलं.

“वरची पट्टी कुठंय?”

शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव-गाव चिठ्ठीच्या वरच्या पट्टीवर लिहायचं, हे अण्णा आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवत.

“कापली. नव्या डब्यांत चिठ्ठ्या बसेनात. आणि ती नावं आपण छापणार थोडीच आहोत?”

“सगळ्यांच्या कापल्यास?”

“अकरा हजार. आठवड्यात उरकलं.”

“आणि पट्ट्या?”

“रद्दीत.”

अण्णांनी चिठ्ठीची कापलेली कड बोटानं चाचपली.

आम्ही बाकीचे मुद्रितं तपासत बसलो होतो. आमची पेनं थांबली. तीस वर्षांतली माणसं आठ दिवसांत रद्दीत गेली होती. आता अण्णा ओरडणार असं वाटलं, पण त्यांनी शांतपणे विचारलं,

“हे वाक्य बोललं कोण?”

“असेल बचत गटातली कुणी बाई. इतक्या भेटतात, कोण लक्षात ठेवतंय?”

“चंद्राक्का. बोरगावच्या. सकाळी मलाही ऐकवलं त्यांनी.”

“सकाळी?”

“पहिल्या एसटीनं आल्यात. बाहेर बाकावर बसल्यात. तू म्हणाला होतास म्हणे, ‘तुमचं नाव लिहून घेतलंय, कधीही या, दाखवतो.’”

नीलकंठनं घाईनं एक कोरी चिठ्ठी पुढं ओढली.

“नवी चिठ्ठी लिहितो अण्णा. दोन मिनिटं द्या.”

अण्णांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तिथं ती कापलेली चिठ्ठी ठेवली.

“वाचता येत नाही त्यांना. आपलं नाव तेवढं ओळखतात. जा, हीच दाखव.”