वद्य अष्टमीची पाटी

त्या राज्याला खिडकी एकच होती. बाकी सगळीकडे तट होता आणि तटाला दरवाजा ठेवायचा राहून गेला होता. का राहिला, हे विचारायची पद्धत नव्हती. बी असो, बातमी असो, औषध असो, बाहेरचं जे काही हवं ते त्या खिडकीतून वेडा राघू आणत असे. वेडा हे त्याचं नाव होतं, गुण नव्हे. खिडकीच्या चौकटीवरून झेप घ्यायची, काम करायचं आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसायचं, हे त्याने इतकी वर्षं बिनचूक केलं. पण एकदा नाव पडलं ते पडलं.

जाताना त्याच्या चोचीत पिंपळाचं पान असे. पानावर मागणी आणि त्या दिवसाच्या तिथीचा शिक्का. बाहेरच्या मुलखातल्या दारांवरचे पहारेकरी बगळे आधी शिक्का बघत. तिथी आजची असली तर दार उघडे. शिळी असली तर पान चोरीचं समजून राघूला आल्या पावली परत पाठवत. शिक्का आणि खिडकीशेजारची तिथीची पाटी दोन्ही कासवनानांकडे होती, पण पाटी त्यांनी मनाने बदलायची नसे. रोज सकाळी सिंहाचा हुकूम यायचा, "आज अमुक तिथी", मग पाटी हलायची.

एका वद्य अष्टमीला सगळं सुरळीत झालं आणि दुसऱ्या दिवशी सिंहाला पडसं झालं. हुकूम निघाला नाही. पडसं उतरलं तेव्हा भलतीच अडचण उभी राहिली. हुकमावर पाटीवरचीच तिथी घालायची असा नियम, आणि पाटीवर अष्टमी. अष्टमीच्या हुकमाने फार तर नवमी जाहीर व्हायची, आणि ती तर पडशातच उलटून गेली होती. पाटी हलल्याशिवाय हुकूम नाही आणि हुकमाशिवाय पाटी हलत नाही. दरबारात यावर पुष्कळ खल झाला. शेवटी ठरलं, नवमी आली की बघू.

नवमी काही आली नाही.

शेवंता सशिणीच्या ठकीचे डोळे गढूळ व्हायला लागले ते नेमके याच दिवसांत. ठकी तिची एकुलती एक. जुन्या घोरपडीने पोरीचे डोळे उघडून बघितले आणि सांगितलं, "नदीपलीकडच्या सारस वैद्याचं अंजन अमावस्येच्या आत पडलं तर वाचतील. नंतर नाही." शेवंताने पान लिहवून घेतलं, नानांकडून शिक्का मारून घेतला आणि राघूच्या चोचीत दिलं.

राघू दुपारी परत आला. पान तसंच होतं.

"दार उघडलं नाही," तो म्हणाला. "बगळे म्हणतात, तिथी शिळी आहे."

खिडकीचे कारभारी खोकडराव मोठ्याने हसले. "शिळी? अरे, पाटी समोर टांगलीय! दिसत नाही का? वेडा तो वेडाच." मग ते शेवंताकडे वळले. "घाबरू नका बाई. नेहमीचा प्रकार आहे. आत्ता चालू करून देतो."

दोष कुठे आहे ते कळल्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. दोष तर नावातच होता.

आधी राघूला तेच पान देऊन पुन्हा पाठवलं. मग पुन्हा. दिवसातून पाच वेळा तो गेला आणि पाच वेळा तेच सांगत आला. दुसऱ्या दिवशी खिडकी बंद करून, शंभर आकडे मोजून परत उघडली. तिसऱ्या दिवशी राघूला घरट्यासकट उचललं आणि घरट्यासकट परत होतं तिथे ठेवलं. चौथ्या दिवशी त्याच्यामागून कावळ्याला धाडलं. कावळा शहाणा म्हणून नावाजलेला, पण तोही येऊन म्हणाला, "तिथी." खोकडरावांनी कपाळाला हात लावला. "खूळ पसरायला लागलं!"

शेवंता रोज सकाळी आभाळाकडे बघे. उन्हात उरलेला चंद्र आधी अर्धा होता, मग फोडीएवढा झाला, मग नखाएवढा. पाचव्या दिवशी ती कासवनानांकडे गेली.

"नाना, चंद्र बघा ना."

"बघतो की गं. मला काय डोळे नाहीत?" नाना म्हणाले. "पण इथे चंद्राचा हुकूम चालत नाही."

"माझ्या पोरीला काल भिंत दिसली नाही, नाना. आपटली."

नानांनी हुकमांची चळत काढून दाखवली. शेवटच्या पानावर अष्टमी होती आणि त्यापुढे काही नव्हतं.

त्याच दिवशी खोकडरावांनी रामबाण उपाय काढला. "राघूच्या डोक्यात जुनंपानं फार साठलंय. ते एकदा धुऊन काढायला हवं." तटाच्या सावलीत विसरवेल उगवते, तिचा काढा करून राघूला पाजला. खबरदारी म्हणून कावळ्यालाही पाजला. राघूने डोळे मिटले, उघडले आणि चौकटीवर शांत बसून राहिला. तिथीबद्दल एक अक्षर बोलला नाही. "झाला नव्यासारखा!" खोकडराव म्हणाले आणि समाधानाने जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्राची कोर इतकी बारीक होती की डोळे ताणून बघावी लागली. शेवंताने मनाशी मोजलं. आज चतुर्दशी. ती उजाडताच नानांसमोर जाऊन उभी राहिली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं, शिक्क्यांची पेटी उघडली आणि म्हणाले, "मी जरा मान आत घेतो. म्हातारपण आहे, बाहेर यायला वेळ लागतो." आणि खरंच मान आत घेतली.

शेवंताने अष्टमीची पाटी काढून चतुर्दशीची टांगली, चतुर्दशीचा शिक्का शोधला आणि नव्या पानावर दाबला. आयुष्यात पहिल्यांदा तिने न विचारता काही केलं होतं. खिडकीशी धावत जाऊन तिने पान राघूला दिलं. "आज उघडतील, राघोबा! आज नक्की उघडतील. संध्याकाळच्या आत ये रे बाबा."

राघूने मान हलवली, पान चोचीत धरलं आणि झेप घेतली. शेवंताला हुंदका आला, तो आनंदाचा होता.

राघू खिडकीबाहेर गेला आणि डावीकडे वळला. मग आणखी डावीकडे. मग परत खिडकीसमोर आला. पान न सोडता त्याने चोचीच्या कोपऱ्यातून विचारलं, "बाई, नदी कुठल्या अंगाला?"

शेवंता तटाच्या आत जन्मली होती. तिच्या आईचा जन्मही आतलाच. नदी तिने कधी पाहिली नव्हती. बाहेरची वाट राघूला आणि त्याच्यामागून गेलेल्या कावळ्याला तेवढी ठाऊक होती, आणि काल ती दोघांच्याही डोक्यातून धुऊन निघाली होती.

खोकडराव आले तेव्हा त्यांना आधी चतुर्दशीची पाटी दिसली. "कुणाचा हा चावटपणा?" म्हणत त्यांनी ती उतरवून अष्टमीची परत लावली. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, फिरतोय की! फिरतोय म्हणजे काम चालू आहे. इतके दिवस लगेच परत येत होता. आता कुणी त्याला मध्ये हटकू नका."

खिडकीखाली गर्दी जमली. सगळे माना वर करून बघत राहिले. काहीतरी होतंय, हे बघून त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळ झाली, राघू उतरला नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी दिवस मावळताना पश्चिमेला चंद्राची नवी कोर दिसली, तेव्हाही तो फिरतच होता. शेवंताने ती कोर पाहिली आणि ठकीला जवळ ओढून घेतलं.

ठकीने चेहरा आवाजाच्या दिशेने वर केला. "आई, राघू आला?"

"नाही गं."

"मग पंख कुणाचे वाजतायत?"

"त्याचेच. फिरतोय."

खिडकीच्या चौकटीत बरोबर मधोमध एक हिरवा ठिपका गोल गोल फिरत होता. शेजारी वद्य अष्टमीची पाटी होती आणि तिच्याखाली खोकडरावांनी खडूने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, "कृपया थांबा. अमावस्येला अजून सात दिवस आहेत."