मागच्या रांगेतली बरणी

राजा भुजंगराव मुदपाकखान्यात शिरले, तेव्हा मुजरा करायला कुणाचं डोकं पुढं आलंच नाही. समोर दिसलं ते चांगुणेचं बूड!

चांगुणा म्हणजे म्हादू सुताराची लेक. मुदपाकखान्यात वाटणघाटण करायची. भिंतीलगतच्या बुटक्या कपाटात ती कमरेपर्यंत घुसली होती आणि मागच्या रांगेतली लोणच्याची बरणी चाचपडत होती. कपाट गुडघाभर उंच आणि दोन हात खोल. पुढच्या डब्यांवर कोपर आपटायचं, पण बरणी काही हाताला लागायची नाही.

"कुणी केली ही कपाटं? त्याला उलटा टांगाया पायजे!" कपाटातून आवाज घुमला.

"आमच्या आजोबांनी!" मागून उत्तर आलं.

चांगुणा दचकली, डोकं फळीवर आपटलं आणि कपाळाला टेंगूळ घेऊनच ती बाहेर आली.

आता त्या राज्याचा रिवाज असा, की राजाला पाठ दाखवायची नाही. भलेभले सरदार दरबारातून उलट्या पावलांनी बाहेर जायचे. उंबऱ्यात अडखळून पडायचे, पगडी घरंगळायची, पण पाठ? छे! आणि या पोरीनं तर पाठीच्याही खालचं दाखवलं होतं.

"राजाला पाठ दाखवतेस?" भुजंगराव गरजले.

"म्या नाय दावली, महाराज! तुमीच मागनं आलात!"

झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला. महाराजांच्या मिशा थरथरल्या. "आठ दिवसांनी आम्ही दरबार घेऊन इथं येऊ. याच कपाटातली सगळ्यांत मागची बरणी आमच्यासमोर काढायची. पाठ आमच्याकडे करायची नाही, हात आत घालायचा नाही, पुढचा एकही डबा उचलायचा नाही. आणि आजोबांचं कपाट तसूभरही हलता कामा नये! नाही जमलं, तर बापलेकीनं राज्य सोडायचं!"

घरी येऊन तिनं सांगितलं, तशी म्हादूच्या हातातून रंधाच गळाला. "अगं, तीन पिढ्यांची सुतारशाळा! ती काय तुझ्या बुडापायी सोडून जाऊ?"

चांगुणेलाही रडू फुटलं. तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. गावदेवीची पालखी निघाली होती. शेजारच्या भागाआजीला देवळाची पायरी चढवत नसे. ती आपली दारात बसून होती. पालखी तिच्यापुढं थांबली आणि आजीनं बसल्या जागी देवीची ओटी भरली.

चांगुणेनं पदरानं नाक पुसलं. "बाबा, देवी आपणहून दारात येती, तर लोणच्याच्या बरणीला काय धाड भरलीय? तिनंच यावं की भाईर!"

दुसऱ्या दिवसापासून मुदपाकखान्यात ठाकठोक सुरू झाली. म्हादूनं कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून खोबणीच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांत बसेल अशी नवी फळी केली, बरण्या कलंडू नयेत म्हणून तिला बोटभर कठडा दिला आणि खोबणीत मेण चोळलं. ते आठ दिवस महाराज मात्र उगाचच चिडचिड करत होते. मुदपाकखान्याच्या दारापर्यंत यायचे, सुतार दिसला की परत फिरायचे.

नवव्या दिवशी महाराज आले, राणीसाहेब आल्या, मागं सगळा दरबार. चांगुणा कपाटाशेजारी पाट मांडून, महाराजांकडे तोंड करून ऐटीत बसली होती.

"काढ बरणी!"

तिनं फळीला बांधलेली, कपाटाच्या दाराशी लोंबणारी दोरी धरली आणि ओढली. सर्रकन फळी बाहेर आली! पुढची रांग आली, मधली आली, शेवटची लिंबाच्या लोणच्याची बरणीही आली. पाठ जागेवर, कपाट जागेवर, डबे जागेवर! दरबार "वा! वा!" करू लागला.

पण बरणीच्या मागं आणखी काहीतरी चमकलं. चांदीचा डबा!

"हा तर माझ्या माहेरचा!" राणीसाहेब ओरडल्या. "दोन महिने शोधतेय मी!" त्यांनी झाकण काढलं. आत बेसनाचे लाडू! वैद्यबुवांनी महाराजांचं गोड बंद केलं, त्यालाही दोन महिनेच झाले होते. चांगुणेनं तो डबा कपाट रिकामं करतानाच पाहिला होता आणि निमूट परत जागेवर ठेवला होता.

महाराज आधी लाल झाले, मग जांभळे. "मोडून टाका ती फळी! हाकला हिला!"

"का बरं?" राणीसाहेबांनी विचारलं. "अट तर पुरी झाली."

"झाली असेल! पण असल्या फळीचा राजाला उपयोग काय? सांग पोरी, नाहीतर चालती हो!"

म्हादूनं डोळे मिटून घेतले. चांगुणा हात जोडून म्हणाली, "लई मोठा उपेग हाय, महाराज! आजवर लाडू काढताना आपलं डोकं कपाटात आन् बाकीचं भाईर असणार. तेवढ्यात राणीसाहेब आल्या असत्या, तर त्यास्नी काय दिसलं असतं? आता निदान तोंड तरी दिसंल!"

राणीसाहेब फिस्सकन हसल्या, आणि भुजंगराव तर पोट धरधरून असे हसले, की त्यांना तिथल्याच पाटावर बसावं लागलं. म्हादू राजवाड्याचा सुतार झाला, कारण बाकीच्या बावीस कपाटांनाही तशाच फळ्या लावायच्या ठरल्या. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं हसत हसत चांगुणेला दिलं. राणीसाहेबांनी डब्यातले सगळे लाडू तिच्या पदरात ओतले, तेव्हा मात्र महाराजांनी तोंड फिरवून घेतलं.