वाघाचं सोंग

फार मागे एका गावाबाहेर काजूची राई होती आणि ओढ्यापलीकडे उघडा माळ होता. शिमग्याला तिथली पिल्लं पानांची सोंगं लावून दारोदार खाऊ मागत फिरायची.

एका शिमग्याला खारीच्या ढोलीखाली एक छोटा वाघ आला. पळसाच्या पानाच्या मुखवट्यावर दोन लांब कान उभे होते.

"वाघ आलाय, खाऊ द्या!"

"वाघ कसला? माळावरचा ससा तू," खार म्हणाली. "आपल्या वस्तीत माग जा. हा खाऊ राईतल्या पिल्लांचा आहे."

कान खाली पडले. पिल्लू ओढ्याकडे परत गेलं.

ऊन उतरलं. राईतली सगळी पिल्लं परतली, पण खारीचा गोंडू आला नाही. तिनं हाका मारल्या, झाडन् झाड पाहिलं. ओढ्यापलीकडे घारी घिरट्या घालत होत्या.

तेवढ्यात ओढ्याकडून एक सशीण आली. तिच्या पाठीवर गोंडू बसला होता, हातात अर्धा खाल्लेला कंद.

"आई, मी साप होऊन माळावर गेलो होतो!"

"केवढी भ्याले मी याला," सशीण हसून म्हणाली. "वर घार दिसली, म्हणून पोचवायला आले."

खारीनं धावत येऊन गोंडूला पोटाशी धरलं. मग तिला सशिणीमागे लपलेलं पळसाचं पान दिसलं.

खार दचकून मागे सरली. "अगं बाई, वाघ! मला सोडा हो वाघोबा, हवा तेवढा खाऊ न्या!"

पानामागून एक बारीकशी डरकाळी आली.