जड शब्दांचा कवी

फार पूर्वी, लढाया आटोपल्या की राजेलोक कविता ऐकायला बसत, त्या काळची ही गोष्ट. एका नगरीत एक टीकाकार राहत असे. सभेत कुणी नवं काव्य वाचलं की राजा त्याचं मत विचारी. त्याची जीभ मोठी तिखट. एका नाटकाबद्दल तो म्हणाला होता, "नाटक छान झोपवतं, फक्त मधूनमधून टाळ्या वाजतात आणि जाग येते." लोक काव्य ऐकायला कमी आणि त्याचे टोमणे ऐकायला जास्त येत.

एके दिवशी एक म्हातारा कवी भलीमोठी पोथी घेऊन सभेत आला आणि वाचू लागला. आधी सूर्योदयाचं वर्णन. मग उषेच्या रथाचं, रथाच्या घोड्यांचं, घोड्यांच्या आयाळीचं. शब्द असे जड, की एकेक उचलताना कवीलाच धाप लागत होती. सभेत जांभया सुरू झाल्या. प्रधानजी तर चक्क घोरू लागले.

राजाने टीकाकाराकडे पाहिलं. तो उठला आणि म्हणाला, "कविराज, बाहेर दुपार टळली. तुमच्या काव्यात अजून उजाडतंच आहे!"

सभा खदखदून हसली. पोथीची पानं कवीला नीट जुळवता येईनात.

टीकाकाराच्या जिभेवर दुसरा टोमणा तयार होता, पहिल्याहून सरस. लोक त्याचीच वाट पाहत होते. पण कवीच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्याने तो गिळला.

तो जवळ जाऊन म्हणाला, "बाबा, हे काव्य कुणावर लिहिलंय?"

"माझ्या बायकोवर. गेल्या साली गेली ती."

"पण तिचं नाव कुठे आलं नाही."

कवी ओशाळला. "नाव ठकू. एवढ्या मोठ्या सभेत ठकू कसं म्हणायचं? साधं लिहिलं तर तुम्ही हसाल, या धाकाने मी हे सगळे भारी शब्द शोधून आणले."

टीकाकाराला चटका बसला. आजवर कंटाळवाण्या काव्यांना तो हसत आला होता. ती तशी होण्यात आपल्या हसण्याचाही हात असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तो कवीजवळ खाली बसला. "मी हसणार नाही. कशी होती ठकूबाई?"

कवीने पोथी बाजूला ठेवली. "शेवटी शेवटी तिला ऐकू येत नव्हतं. तरी मी वाचायला बसलो की हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची. माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी थांबलो की म्हणायची, 'आज चांगलं झालं हो.' आता वाचून झालं तरी मला कळत नाही, थांबायचं कुठे."

राजाने हळूच डोळे पुसले.

"बाबा," टीकाकार म्हणाला, "हेच लिहा. असंच्या असं."

पुढच्या वसंतात कवीने चार कडव्यांची कविता आणली. पहिलाच शब्द होता 'ठकू'. नगरातल्या बायका ती पाणवठ्यावर म्हणू लागल्या.

त्यानंतर काव्य रटाळ असलं तर टीकाकार तसं स्पष्ट सांगे. पण आधी कवीला शेजारी बसवून विचारी, "तुम्हाला खरं काय सांगायचंय?" टोमणे ऐकायला येणारे हळूहळू पांगले. त्याच्या ओसरीवर मात्र कच्ची लिखाणं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली.

तात्पर्य हेच, की जड शब्दांच्या आड पुष्कळदा भ्यालेलं माणूस उभं असतं. नुसतं हसलं तर ते आणखी आड जातं; आपुलकीने विचारलं, तर बाहेर येऊन मनातलं बोलतं.