सातवे वन

फार पूर्वी शालवती नगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वनरक्षकाच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव वत्सक.

राजाच्या आजोबांनी राज्यातल्या सात वनांना अभय दिले होते. सातही वनांच्या सीमेवर दगडी खांब उभे होते. पण सहा वनांत राखण करीत ते खांबच. तिथले रक्षक शिकाऱ्यांकडून मांस घेत आणि सावलीत झोपत. ती वने दुरून हिरवीगार दिसत. आत शिरले की पाखराचा शब्दही ऐकू येत नसे.

सातव्या वनाची सीमा वत्सक रोज पायी फिरत. फासे दिसले की सोडवत. त्या वनाच्या मधोमध मोठी पाणथळ होती. सकाळी तिच्यावर धुके उतरे. धुक्यातून आधी सारसांचा आवाज येई, मग सारस येत. पाणमांजरांची पिले काठावर लोळत, आणि कमळाच्या पानांवरून कमळपक्षी असे चालत, की पाण्याला त्यांची चाहूलही लागत नसे.

एके वर्षी राजाच्या मनात आले, की पाणथळ आटवून तिथे ऊस लावावा. तो स्वतः पाहायला आला.

"वत्सका, बेडूक आणि लव्हाळ्यांवाचून इथे आहे काय? यांचा उपयोग काय?"

"महाराज, कित्येकांचा उपयोग मलाही ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणून तर एकही गमावू देत नाही."

राजा हसला आणि चर खणण्याची आज्ञा देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मजूर कुदळी घेऊन आले. वत्सक चिखलात आडवे झाले होते. ते शांतपणे म्हणाले, "बाबांनो, तुमचा दोष नाही. चर इथूनच जायचा ना? मग माझ्यावरून खणा."

मुकादमाने कुदळ खाली ठेवली. बाकीच्यांनीही ठेवली. राजाला राग आला. त्याने वत्सकांना पदावरून दूर केले, पण चर खणायला पुढे कोणी मिळेना. वत्सक वेतनावाचून, कंदमुळे खाऊन, पूर्वीसारखेच सीमा फिरत राहिले.

पुढे राज्यातल्या भातावर रोग पडला. लोंब्या दाणा भरण्याआधीच करपल्या. दोन वर्षे असेच झाले, आणि घरोघरचे बियाणेही संपले.

तेव्हा सीमेवरच्या गावातली सुगोत्रा नावाची म्हातारी शेतकरीण पाणथळीपाशी आली. "लेकरा, तुझ्या पाण्यात आपोआप उगवलेला देवभात उभा आहे. त्याला रोग शिवलेला नाही. माझ्या घरी पेरायला दाणा नाही रे."

"घे, आई. पण पाखरांचा आणि पाण्याचा वाटा राहू दे."

"एवढं मलाही कळतं," म्हातारी म्हणाली.

पिकलेला दाणा पाण्यात गळू नये म्हणून तिने थोड्या लोंब्या जुडीजुडीने बांधल्या. दाणा तांबडा, बारीक, कुसळांचा होता. तो तिने आपल्या शेतात पेरला. पीक थोडे आले, पण निरोगी आले. बी या गावाहून त्या गावाला गेले. तिसऱ्या वर्षी शालवतीच्या चुलींतून पुन्हा धूर निघू लागला.

राजा अनवाणी पाणथळीवर आला. कितीतरी वेळ तो काठावर बसून राहिला. एक सारस इतक्या जवळून उडाला, की त्याच्या पंखांचा वारा राजाच्या तोंडावर आला. राजाचे डोळे भरून आले.

"वत्सका, तुला काय देऊ?"

"मला नको, महाराज. त्या सहा वनांना जागे रक्षक द्या."

राजाने त्या वनांकाठच्या गावांतली माणसे नेमली, आणि ती जागी राहिली. सातव्या वनातल्या पाखरांनी पोटातून बिया नेल्या, ओढ्यांनी मासे नेले. एकेका वनात आवाज परतले. म्हातारपणी वत्सकांची नजर गेली, तेव्हा ते या आवाजांच्या सोबतीनेच चालत असत.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा महीधर म्हणजे आज तुमच्यात बसलेला भिक्खू पुण्णक. सुगोत्रा म्हणजे विहाराला तांदूळ देणारी उपासिका सोमा. आणि वत्सक मीच होतो. अभय एका शब्दात देता येते. पाळायला मात्र रोज जागे राहावे लागते. त्या जागेपणालाच अप्रमाद म्हणतात."