रंगाचा चोथा

फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात राजाची सगळी निशाणे एकाच कारखान्यात रंगत, आणि तो लाल रंग उन्हापावसात कधी उतरत नसे. कारखान्याचा मालक होता नागोशेट.

रंगाचे गुपित दोघांनाच ठाऊक होते, नागोशेटला आणि त्याच्या वडिलांच्या वेळच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला, सटवाजीला. गुपिताच्या काळजीने शेटच्या जिवाला घोर लागला होता. त्याने कुंपण उंच केले, दाराला हातभर कुलूप लावले, दोन पहारेकरी उभे केले आणि मग कुठे तो निर्धास्त झाला.

वडिलांची एक रीत मात्र त्याने मोडली. रंग काढून उरलेला सालींचा आणि मुळ्यांचा चोथा ते रोज भट्टीत जाळायला लावत. ओला चोथा जाळायला लाकूड फार लागते, म्हणून नागोशेटने तो मागच्या ओढ्याकाठी टाकायला सांगितले. सटवाजीने एकदा हळूच नको म्हणून पाहिले. शेटने ते मनावर घेतले नाही.

वर्षभरात शेजारच्या गावी तसाच लाल रंग निघू लागला आणि निशाणांचे काम तिकडे गेले. नागोशेटच्या पायाखालची जमीन सरकली. गुपित फोडणारा सटवाजीच, दुसरा कोण असणार? भर बाजारात त्याने म्हाताऱ्याला चोर ठरवून हाकलले.

सटवाजी गेला आणि कारखान्याचा रंग फिका पडू लागला. रंगाला कोणते पाणी चालते, याची पारख त्या एकट्यालाच होती. ती आणखी कुणाला शिकवून ठेवावी, हे शेटला कधी सुचलेच नव्हते.

एका सकाळी नागोशेट सहज ओढ्याकडे गेला. शेजारच्या गावचा एक रंगारी तिथे चोथा चिवडत बसला होता. साली एकीकडे, मुळ्या दुसरीकडे, अगदी निवांतपणे. गुपित कुठून फुटले, ते शेटला आता कळले.

तसाच तो सटवाजीच्या दारी गेला आणि त्याचे पाय धरले. सटवाजीने आधी त्याला पाणी दिले.

"रंगाचं सगळं शिकवतो, शेट," तो म्हणाला. "पण माझ्या नातवंडांना गावात चोराची पोरं म्हणतात. त्याचं मी काय करू?"

नागोशेटने त्याच बाजारात उभे राहून आपली चूक सांगितली. काहींना पटले, काहींना नाही. राजाचे काम परत आले नाही. कारखाना लहान झाला, पण सटवाजीने चौघांना तयार केले म्हणून तगला. चोथा मात्र रोज नागोशेट स्वतःच्या हाताने जाळू लागला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गुपित नुसत्या कुलपाने राखले जात नाही. त्याला रोजची शिस्त लागते आणि आपल्या माणसांवरचा विश्वास लागतो.