झिपरीचा चिंचोका

बसा बघू सगळे. मांडीवर एक, शेजारी एक. बोटं तोंडातून बाहेर. हं.

एक होती खार. तिचं नाव झिपरी. शेपूट ही एवढी झुबकेदार. पोट हे एवढंसं.

झिपरीचं घर चिंचेवर होतं. चिंच लहानशीच, गेणूआबांच्या अंगणातली. यंदा तिला पहिल्यांदा चिंचा लागल्या होत्या.

पण आबा म्हणाले, "हिच्या सावलीत पापड वाळत नाहीत." आणि तोडली. पापडांसाठी झाड! काय म्हणावं अशा माणसाला!

चिंच गेली. खुंट राहिला.

झिपरीला पाचोळ्यात एकच चिंच सापडली. शेवटची. आत चिंचोकाही एकच.

"हा खायचा नाही," झिपरी म्हणाली. "हा पेरायचा. माझं घर परत उगवेल."

ती खुंटावर टेकली, आणि टप्! चिंचोका पडला खुंटाच्या फटीत.

आतून आवाज आला. कुरकुर, कुरकुर. वाळवी! वाळवी खुंट खात होती. चिंचोकाही खाणार होती.

"खुंटदादा, खुंटदादा, फट उघड. माझा चिंचोका दे."

खुंट म्हणाला, "कुऱ्हाड आल्याशिवाय मी फुटायचा नाही."

झिपरी निघाली. तुरु तुरु तुरु.

आबांच्या भिंतीला तीन कुऱ्हाडी टांगलेल्या.

मोठी म्हणाली, "मी मोठ्या ओंडक्यांची. चिंचोक्याचा भुगा करीन."

धाकटी म्हणाली, "मी काटक्यांची. खुंटात रुतून बसेन."

उरली मधली. खुंटाच्या मापाची तीच.

"कुऱ्हाडताई, कुऱ्हाडताई,
खुंट फुटेना,
चिंचोका सुटेना!
येतेस का?"

"कशी येऊ? चिंच तोडली आणि आबांनी मला चार दिवस अंगणात टाकलं, मग इथं टांगलं. दवात भिजले, गंजले, बोथट झाले. दगडानं घासल्याशिवाय मी यायची नाही."

झिपरी निघाली. तुरु तुरु तुरु.

"दगडकाका, दगडकाका,
धार येईना,
खुंट फुटेना,
चिंचोका सुटेना!
घासता का?"

"कोरडा घासू? पातं तापेल, धार बिघडेल. अडाणी कुठली! पाणी आल्याशिवाय मी घासायचा नाही."

झिपरी निघाली. तुरु तुरु तुरु.

"रांजणमामा, रांजणमामा,
दगड घासेना,
धार येईना,
खुंट फुटेना,
चिंचोका सुटेना!
पाणी देता का?"

"मला काय हात आहेत? आबांनी तांब्या बुडवल्याशिवाय मी पाणी द्यायचा नाही."

झिपरी निघाली. तुरु तुरु तुरु. आबा ओसरीवर बसले होते. ऊन थेट तोंडावर. सावली नव्हती ना आता!

"आबा, आबा,
पाणी निघेना,
दगड घासेना,
धार येईना,
खुंट फुटेना,
चिंचोका सुटेना!
उठता का?"

आबांनी कुऱ्हाड खाली काढली. हलवली. खुळखुळ, खुळखुळ.

"दांडा सैल झालाय गं. असाच घाव घातला तर पातं उडेल. कुणाच्या पायावर पडेल! आधी पाचर हवी. लाकडाचा चपटा तुकडा. ठोकला की दांडा घट्ट. बाभळीनं पाचर दिल्याशिवाय मी उठायचा नाही."

आणि बसले पुन्हा. कुरकुर, कुरकुर. वाळवी काही बसली नव्हती.

झिपरी निघाली. तुरु तुरु तुरु.

"बाभूळमावशी, बाभूळमावशी,
आबा उठेनात,
पाणी निघेना,
दगड घासेना,
धार येईना,
खुंट फुटेना,
चिंचोका सुटेना!
पाचर देतेस का?"

बाभूळ फणकारली. "त्या दांड्याला? तो माझ्याच फांदीचा! माझ्या अंगाखांद्यावर वाढला, आणि कुऱ्हाडीत शिरून चिंचेवरच पडला! चिंच माझी शेजारीण होती गं. म्हणतात ते खोटं नाही. कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ. आपल्याच माणसांचा घात केला त्यानं. तो 'चुकलं' म्हटल्याशिवाय मी पाचर द्यायची नाही."

झिपरी निघाली. आता पाय दुखत होते. तुरु... तुरु... तुरु.

"दांडूभाऊ, दांडूभाऊ,
पाचर मिळेना,
आबा उठेनात,
पाणी निघेना,
दगड घासेना,
धार येईना,
खुंट फुटेना,
चिंचोका सुटेना!
चुकलं म्हणतोस का?"

दांडा करकरला. कर्र, कर्र.

"झिपरे, चिंच पडली तेव्हा तिचा पाला माझ्यावर पडला. गार गार. मला बाभळीची आठवण झाली. चुकलं माझं. चुकलं. चुकलं."

आबांनी ते ऐकलं. त्यांची मान खाली गेली.

"तुझं कसलं चुकलं रे?" आबा म्हणाले. "उचलणारा हात माझा. चुकलं असेल तर माझं चुकलं."

आबांनी अंगणाकडे पाहिलं. उन्हात पापड मात्र कडकडीत वाळले होते.

मग काय झालं?

दांडा चुकलं म्हणाला, बाभळीनं वाळकी फांदी दिली. कडाड्!
आबांनी पाचर तासली, ठोकली. ठक ठक ठक!
दांडा घट्ट झाला, आबांनी तांब्या बुडवला. बुडबुडबुड!
रांजणानं पाणी दिलं, दगड भिजला. चुळुक!
दगड घासू लागला. घस घस घस!
कुऱ्हाडीला धार आली. लख्ख!
कुऱ्हाड खुंटावर पडली. खाड! खाड! खाड!
खुंट फुटला.
चिंचोका सुटला!

झिपरीनं उचलला. उलटा केला. एका बाजूनं वाळवीनं कुरतडला होता.

"थोडं आधी उठलो असतो तर..." आबा म्हणाले.

"थोडं आधी पाचर दिली असती तर..." बाभूळ म्हणाली.

होय रे बाबांनो. आधी उठायचं असतं. मागून सगळेच शहाणे!

झिपरी रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी माती उकरली. चिंचोका आत ठेवला. आबांनी ओंजळभर पाणी घातलं. पापडांची खाट उचलून परसात नेली. कुऱ्हाड पुसली, पात्याला तेल लावलं, भिंतीला टांगली. अंगणात टाकली नाही.

रोज सकाळी झिपरी यायची. तुरु तुरु तुरु.

"आबा, उगवला?"

"नाही गं."

"आबा, उगवला?"

"आज नाही गं."

आबांचाच आवाज रोज बारीक व्हायचा.

मग एका सकाळी माती हलली. एक कोंब वर आला. वाकडा. एका बाजूनं अर्धाच. पण हिरवा!

आबा उकिडवे बसले. झिपरी त्यांच्या गुडघ्यावर बसली. कोंबाची सावली पडली होती. बोटभर.

त्या सावलीत एक मुंगी येऊन बसली. तिला पुरली.

झिपरीला पुरायला अजून खूप खूप दिवस आहेत. आबा रोज पाणी घालतात.

चिंचोका मातीत, गोष्ट तुमच्या मुठीत. मूठ सांभाळा.